चर्चगेट ते नाणे मावळ

कामशेतच्या बाजारपेठेत नाणे मावळाची माणसं येतात तशी पवन मावळाचीही येतात. कुणी भात भरडायला आलेलं असतं, कुणी खताच्या गोणीसाठी, कुणी लोकल पकडायला. आतल्या गावांतली कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या कमाईवर उभी आहेत आणि त्या कमाईत डबेवाल्यांचा वाटा मोठा आहे. डबेवाल्यांचा विषय निघाला की आपण हार्वर्डचा अभ्यास आणि २००३ साली चर्चगेटला त्यांना भेटलेले प्रिन्स चार्ल्स इथपर्यंत पोचतो. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरातून गेलेल्या लोकांचा हा धंदा आहे, हे मात्र एका वाक्यात उरकतो. इथे राहून मला ते उरकलेलं वाक्यच महत्त्वाचं वाटत आलं आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत डबेवाल्यांच्या संघटनेनं नवं काय केलं, याची बरीच चर्चा झाली. माझ्या मते ही माणसं तगली ती जुन्याच एका गोष्टीवर: शहरात शंभर-सव्वाशे वर्षं काढूनही त्यांनी गावाशी असलेली दोरी तुटू दिली नव्हती.

ही दोरी भावनेची कमी आणि व्यवस्थेची जास्त आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं, असं मानलं जातं. १९५६ साली नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्टची नोंदणी झाली. नाव टिफिनचं, पण ट्रस्टचं काम बघितलं तर आळंदी, जेजुरी, भीमाशंकर इथल्या धर्मशाळा डोळ्यांपुढे येतात. माणूस धंद्यात शिरतो तो नात्यागोत्यातून, गावकीतून. तो कुणाचा नोकर नसतो, आपल्या गटाचा भागीदार असतो, आणि मुकादम बहुधा ओळखीतलाच. चैत्रात गावोगावच्या जत्रा आल्या की पाच-सहा दिवस डबे बंद! गिऱ्हाईकाला आधी सांगितलेलं असतं, त्यानंही ते मान्य केलेलं असतं. ऐन कामाच्या दिवसांत अख्खी सेवा बंद ठेवणं व्यवस्थापनाच्या पुस्तकात तोट्यातच धरलं जाईल. मला तो विम्याचा हप्ता वाटतो. वर्षातून एकदा सगळे परत येतात म्हणून घराला कुलूप लागत नाही, आणि भावकीत आपला वाटा आपलाच राहतो.

मार्च २०२० मध्ये हा विमा वटवायची वेळ आली. २० तारखेपासून डबे थांबले, दोन-तीन दिवसांत लोकलही बंद झाल्या. जवळपास पाच हजार माणसांचं काम एका आठवड्यात गेलं, आणि ज्यांना जमलं त्यांनी गाव गाठलं. त्या चैत्रात माणसं गावात होती आणि जत्राच नव्हत्या. पुढे जूनमध्ये पाऊस लागला आणि रोपं लावायला हात मिळाले. मावळात भात म्हणजे बहुतेक इंद्रायणी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला हा वाण इथल्या घराचं वर्षाचं पोट भरतो.

यावर कुणी म्हणेल, हे गावाचं गुणगान झालं. आक्षेप खोटा नाही. त्याच वसंतात महाराष्ट्रात कितीतरी गावांनी वेशीवर काटे नि बांबू आडवे टाकले होते. मुंबईहून आलेला आपलाच माणूस चौदा दिवस शाळेच्या खोलीत बसवला गेला. ३ जूनच्या निसर्ग वादळानं मावळ-खेडकडच्या घरांचे पत्रे उडवले, त्यांत डबेवाल्यांची घरंही होती. मावळातल्या जमिनी धरणात, रस्त्यात आणि फार्महाऊसमध्ये किती गेल्या, हे इथं कुणाला वेगळं सांगायला नको. उरलेल्या तुकड्यात खाण्यापुरतं भात होतं. मुलांची फी त्यातून निघत नाही. तेव्हा गावानं त्यांना पगार दिला, असं मी म्हणतच नाही. गावानं भाडं न मागणारं छप्पर दिलं आणि शिजवायला तांदूळ दिला. त्या वर्षी मुंबईत खोलीचं भाडं थकलेल्या माणसाला एवढ्याची किंमत विचारून बघावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: संघटनेनं काळाबरोबर बदलायला हवं होतं, ॲप घ्यायचं, कुरिअर करायचं, हॉटेलांचं जेवण पोचवायचं. यातलं थोडंफार झालंही. ऑक्टोबर २०२० मध्ये क्यूआर कोडवर लोकलनं जायची मुभा मिळाली, हॉटेलांशी जोडून घ्यायचेही प्रयत्न झाले. पण या धंद्याचं गणित भरलेल्या पाटीचं आहे. तीस-चाळीस डबे एका माणसानं, एकाच वेळी, लगेजच्या डब्यातून न्यायचे, म्हणूनच डबा स्वस्तात पोचतो. गिऱ्हाईक घरूनच काम करत असेल तर पाटी भरणार कशी? आणि एकेक पार्सल घेऊन एकेका दारात जायचं, तर गट मोडतो, मुकादम मोडतो, आणि भागीदाराचा रोजंदारी पोऱ्या होतो. तो बदल नाकारणाऱ्यांना मागासलेले म्हणणं मला तरी पटत नाही. त्याची किंमत मोठी पडली, हेही खरं: ऑफिसं उघडल्यावरही कितीतरी जण परत गेले नाहीत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वांद्र्याला डबेवाल्यांच्या वारशाचं केंद्र उघडलं. चांगलंच झालं. डब्याच्या झाकणावर रंगानं काढलेल्या खुणा आता जगाला पाठ आहेत: डबा कुठल्या स्टेशनावरून निघाला, कुठं उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला. वाहणाऱ्याचं गाव त्या खुणांत नसतं. ते कुणी मांडायला घेतलं, तर सुरुवात बिनजत्रेच्या त्या चैत्रापासून करावी, आणि शाळेच्या खोलीत काढलेले चौदा दिवस त्यातून गाळू नयेत.