खिळ्यांचा बोर्ड

बोपोडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान होते. १९७८-७९ची गोष्ट. दुकानदाराने बाहेरच्या बाकावर खिळ्यांचा बोर्ड मांडला होता. तिरकी फळी, तिच्यावर दाट खिळे, खाली आकड्यांचे कप्पे आणि उजव्या अंगाला स्प्रिंगचा दट्ट्या. दट्ट्या ओढून सोडला की छर्रा वर जाई आणि खिळ्यांवर टणाटण आपटत खाली येई. दहा पैशांना पाच छर्रे. मधल्या शंभराच्या कप्प्यात छर्रा पडला तर रोख एक रुपया!

शाळा सुटली की आम्ही दोघे भाऊ दप्तरासकट तिथेच. ताईला मात्र कुणी खेळू देत नसे. मुलीने दुकानापाशी उभे राहायचे नाही म्हणत.

एके दिवशी आईने रॉकेलला पैसे दिले. रेशनची रांग लांब होती, बोर्ड जवळ होता. शंभराच्या तोंडाशी जाऊन छर्रा दरवेळी वळे. आता पडेल, आता पडेल म्हणत आठ आणे संपले. रॉकेल तेवढे कमी आले. पुढे दोन दिवसांतच स्टोव्ह कोरडा पडला. आईने दारात तीन विटा मांडून चिपाडांवर भाकरी थापल्या. धुराने तिचे डोळे लाल झाले. ती एक शब्द बोलली नाही, तेच आम्हांला जास्त लागले.

अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. आता मार बसणार, असे आम्ही धरूनच चाललो होतो. ते म्हणाले, "चला, तो खेळ दाखवा मला."

दुकानापाशी त्यांनी बोर्ड निरखून पाहिला. एक छर्रा उचलून शंभराच्या वरच्या दोन खिळ्यांमध्ये ठेवला. छर्रा फटीवरच बसून राहिला. खाली जायला वाटच नव्हती.

"खेळ आहे हो, नशिबाचा," दुकानदार म्हणाला.

"नशीब कशाचं? खिळे तुम्हीच ठोकलेत की," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही. आम्हांला घेऊन घरी आले.

आठ आण्यांची शिक्षा झालीच. पंधरा दिवस नळावरून सगळे पाणी आम्ही दोघांनी भरले. मग रविवारी अण्णांनी वखारीतून फळी आणली, सायकलवाल्याकडून बेअरिंगचे जुने छर्रे मागून घेतले आणि हातोडी आमच्या हाती दिली. नियम एकच. खिळा ठोकला की छर्रा घालून बघायचा. जात नसेल तर उपटायचा. त्या बोर्डावर सर्वांत चांगला नेम ताईचा निघाला.

पुढे वाचनालयात या खेळाची हकिकत वाचली. स्प्रिंगच्या दट्ट्याचे पेटंट १८७१ साली अमेरिकेतील सिनसिनाटीत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी घेतले. त्यातूनच पिनबॉलचे यंत्र आले. न्यूयॉर्क शहरात १९४२ पासून १९७६ पर्यंत त्यावर बंदी होती, कारण तो जुगार मानला जाई. छर्रा परत वर उडवणारी पाती त्याला बसली ती १९४७ साली. तोवर दट्ट्या सोडला की यंत्राला धक्के देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हाती काही उरत नसे. बोपोडीच्या बोर्डावर तर तेही नव्हते. बोर्डाला हात लावला की दुकानदार ओरडे.

आता नातवंडे मोबाइलवर खेळतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेने कायद्याने बंदी घातली. पण त्याआधी किती घरांतले पगार त्यात गेले! त्या पडद्यामागचे खिळे अण्णांनाही छर्रा ठेवून तपासता आले नसते.

म्हणून आईबापांना एवढेच सांगणे आहे. मूल खेळात पैसे घालवून आले तर आधी हात उगारू नका. त्याच्या शेजारी बसा, तो खेळ स्वतः बघा, आणि हे खिळे कुणी ठोकले असतील, ते त्यालाच विचारा.