खंड्याला द्यायला साडेपाच महिने लागले



आज द्राक्ष-कांद्याचं लिहीत नाही. बऱ्याच जणांनी विचारलं, की फोटोत मागं दिसायचं ते तांबडं कुत्रं हल्ली दिसत नाही, गेलं कुठं? दिलं त्याला. चांगल्या घरी दिलं. पण त्याच्या आधी एकदा वाईट पद्धतीनं दिलं होतं. ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाचं तसं होणार नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या वाघ्याला बिबट्यानं नेलं. गोदाकाठच्या ऊसपट्ट्यात बिबट्या नवीन नाही. पण त्या रात्री वाघ्या ओट्यापाशी साखळीला बांधलेला होता, आणि बांधला मीच होता. सुटा असता तर निदान पळाला असता. सकाळी साखळी तेवढी होती. तेव्हाच ठरवलं, मळ्यात परत कुत्रं नाही.

मागच्या वर्षी ऑक्टोबर छाटणी चालू असताना पेठकडच्या मजूर बायांनी सांगितलं, कॅनॉलच्या मोरीत कुत्रं आहे, वास येतोय. जाऊन पाहिलं. वर्षभराचं असेल. लहानपणी कोणीतरी गळ्याला सुतळी बांधलेली, पिल्लू वाढलं, सुतळी तेवढीच राहिली. कातडीत रुतून जखमेत अळ्या झालेल्या. जवळ गेलं की मोरीच्या दुसऱ्या तोंडानं पळायचं.

आठ दिवस भाकरी ठेवली. रोज दहा-बारा फूट चाळीकडं सरकवत. चाळीचा एक कप्पा रिकामा होता, त्यात ते शिरलं तेव्हा दार लावलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. गोणपाट टाकून धरताना ते माझ्या मनगटाला चावलं. त्याची चूक नाही. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन सुतळी कापली, अळ्या काढल्या.

इथं दोन गोष्टी नीट वाचा. एक, कुत्रं चावलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लशीच्या दिलेल्या सगळ्या तारखा पाळा, कुत्रं ठणठणीत दिसलं तरी. दोन, अळ्या पडल्या म्हणून जखमेत पेट्रोल, फिनाईल ओतू नका. आणि गोचिडासाठी फवारणीचं औषध अंदाजानं अंगावर मारू नका. आपण पंपात माप बघून औषध टाकतो, मग मुक्या जनावरावर अंदाज कशाला?

जखम वीस दिवसांत भरत आली. तेवढ्यात एका पाव्हण्याला राखणीला कुत्रं पाहिजे होतं. मला तर ठेवायचं नव्हतंच. दिलं गाडीत टाकून. त्यांनी त्यांच्या रिवाजानं गळ्यात पट्टा घातला आणि गेटपाशी साखळीला बांधलं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. फटाके सुरू झाले आणि यानं पट्ट्यातून डोकं ओढून काढलं. चार दिवसांनी परत आमच्याच मोरीत सापडलं. नऊ किलोमीटर. गळ्याची जखम पुन्हा उघडी. पाव्हण्याचा दोष नाही. गळ्याला काही लागलं की हे वेडं होतं, एवढंसुद्धा मी सांगितलं नव्हतं.

आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, कांद्याचं रोप सात-आठ आठवड्याचं झाल्याशिवाय तुम्ही उपटत नाही. याला वीस दिवसांत उपटून दिलंत."

बरोबर होतं. रोप काढायच्या आधी आपण त्याचं पाणी कमी करतो, जरा कडक करतो, मग लागण. याचंही तेच करायचं ठरवलं. आईनं नाव ठेवलं खंड्या.

१) वाकणं. मी वाकलो की खंड्या पळायचा. ड्रीपचा व्हॉल्व्ह उघडायला वाकलो, पळाला. पडलेली कात्री उचलायला वाकलो, पळाला. आधी कळेना. मग आठवलं, आपल्याकडं कुत्रं दिसलं की माणूस दगड उचलायला वाकतो. मीही वाकलोय लहानपणापासून. त्याला वाकणं म्हणजे दगड. म्हणून रोज लांबूनच थोडं वाकायचं आणि वाकताना हातातून भाकरीचा तुकडा टाकायचा. त्याच्याकडं बघायचं नाही, जवळ जायचं नाही. पहिले बारा दिवस मी निघून गेल्यावरच तुकडा उचलायचा. महिन्यानं मी वाकलो की तो येऊन उभा राहायला लागला.

२) गळा. गळ्याला पट्टा नाहीच. छातीचा पट्टा आणला, तो आठवडाभर नुसता त्याच्या ताटलीशेजारी ठेवला. मग पाठीवर टेकवायचा आणि काढायचा. मग बांधायचा आणि लगेच सोडायचा. दोर त्याच्यानंतर.

३) आवाज. आपल्याकडं मण्यात पाणी उतरलं की पाखरं हाकलायला फटाके लागतात. नातवानं मोबाईलवर सुतळी बॉम्बचा आवाज शोधला. अगदी बारीक आवाजात लावायचा आणि त्याच वेळी उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. रोज किंचित मोठा. घाई केली की मागं जातं. एकदा नातवानं एकदम मोठा लावला तर पुढचे सहा दिवस पहिल्यापासून करावं लागलं. खऱ्या फटाक्याला तो अजून दचकतो, पण पळत सुटत नाही, घरात येऊन बसतो. तेवढं पुरे.

४) माणसं. मजूर बायांना सांगितलं, हात लावायचा नाही, फक्त जाता-येता तुकडा टाकायचा. भित्र्या कुत्र्याला सगळे कुरवाळायला जातात, तिथंच बिघडतं. शेपूट पोटाशी, कान मागं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, यातलं काही दिसलं की थांबायचं. गुरगुरला तर मारायचं नाही. गुरगुरणं बंद झालं की कुत्रं न सांगता चावतं.

५) खाणं. आपल्या भागात हे महत्त्वाचं. कांदा कच्चा असो नाहीतर शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. द्राक्षं आणि बेदाण्यानं मूत्रपिंड जाऊ शकतं. आपल्याकडं दोन्हीचे ढीग असतात. उरलेली कांद्याची भाजी-आमटी कुत्र्याला टाकायची सवय आम्ही त्या दिवसापासून मोडली.

मध्ये रेबीजची लस झाली, जंताचं औषध झालं, नसबंदी झाली. लस दरवर्षी द्यायची असते, एकदा दिली की झालं असं नाही.

फेब्रुवारीत शेजारच्या गावचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर भेटले. नवरा-बायको दोघंच, गावात घर, भिंतीचं अंगण, मुलं पुण्याला. मी म्हटलं, अण्णा, देतो, पण चार वेळा इथं यावं लागेल. ते हसले. पण आले. पहिल्यांदा नुसते बांधावर बसून पेपर वाचत राहिले, खंड्या लिंबाच्या मागं. दुसऱ्यांदा त्यांनी टाकलेली भाकरी खाल्ली. चौथ्यांदा त्यांनीच दोर धरून त्याला विहिरीपर्यंत नेलं आणि आणलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, उन्हाळ कांदा काढणीच्या तोंडावर, तो गेला. सोबत त्याचं झोपायचं गोणपाट न धुता दिलं, वास ओळखीचा राहावा म्हणून. आणि वहीच्या पानावर लिहून दिलं: गळ्याला बांधायचं नाही. रात्री बाहेर ठेवायचा नाही, बांधून तर नाहीच, आत घ्यायचा. पहिला महिना दोर लावल्याशिवाय गेटबाहेर नाही. पाहुण्यांनी हात लावायचा नाही. कांदा, द्राक्षं, बेदाणे नाहीत. नाही जमलं तर कुठं सोडू नका, मला फोन करा, मी येऊन नेतो.

खरं सांगतो, त्या रात्री मी दोनदा उठून चाळीत बॅटरी मारली. मंडळी म्हणाल्या, मग ठेवायचा होता ना. पण आमच्याकडं रात्री ब्लोअर चालतो, हंगामात फटाके वाजतात, आणि उसाच्या कडेला वस्ती. त्याला शांत घर पाहिजे होतं. मला तो पाहिजे होता, ही वेगळी गोष्ट.

मागच्या आठवड्यात जाऊन आलो. खंड्यानं लांबूनच ओळखलं, गोल गोल फिरला, माझा हात चाटला आणि परत जाऊन अण्णांच्या पायापाशी बसला. वहिनी अंगणात वाकून झाडू मारत होत्या. तो बघत होता त्यांच्याकडं. उठला नाही.

तुमच्याकडं असं कुत्रं असेल आणि द्यायचं असेल तर घाई करू नका. आणि गळ्यात सुतळी, वायर दिसली की आज कापा, पिल्लू वाढायच्या आत. काही अडलं तर खाली विचारा, मला जमलं तेवढं सांगतो.

उद्यापासून चाळीत कांदा निवडायला घेतोय. त्याचं पुढच्या वेळी लिहितो.

राम राम.