वटावाचा गुणक: भाचीस पत्र

सांगली,
रविवार

चि. ताई हीस,

तुझे पत्र गुरुवारी पोचले. कारखान्यांतील कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे मूल्यांकन करण्याच्या कामावर तुझी नेमणूक झाली हे वाचून समाधान वाटले, आणि पहिल्याच आठवड्यात संगणकाचा आकडा व आपला हातचा आकडा जुळत नाही म्हणून तुला रात्री झोप आली नाही, हे वाचून त्याहून अधिक वाटले. आकडा न जुळल्याची टोचणी ज्याला लागत नाही त्याने हिशेबाच्या दफ्तराला हात लावू नये, असे माझे मत चाळीस वर्षांच्या नोकरीत बदलले नाही.

तू नमुन्यादाखल सरकारी रोख्यांचे तीन दर घेतलेस: एका वर्षाचा 6 टक्के, दोन वर्षांचा 6.5 आणि तीन वर्षांचा 7. आणि सोयीसाठी व्याज वर्षातून एकदाच मिळते असे धरलेस. तिसऱ्या वर्षाचा डिस्काउंट फॅक्टर, ज्याला मी जुन्या पेढ्यांच्या शब्दाने वटावाचा गुणक म्हणेन, तू एकाला 1.07 च्या घनाने भागून काढलास, तो आला 0.8163, संगणकाने दाखवला 0.8152. कोटी रुपयांच्या देण्यावर हा फरक जवळजवळ 11 हजारांचा होतो. संगणकाचा आकडा बरोबर आहे, ताई. तुझ्या भागाकारातही खोट नाही. दर मात्र त्या भागाकाराचा नव्हता.

सराफाकडे मुदतीची हुंडी घेऊन गेल्यास तो मुदत भरेपर्यंतचे व्याज आधीच कापून उरलेली रक्कम हातावर ठेवी. कापलेला तो वटाव, आणि हुंडीतल्या प्रत्येक रुपयामागे हाती आलेला अंश हा त्या मुदतीचा गुणक. आजही रिझर्व्ह बँक 91 दिवसांची ट्रेझरी बिले लिलावाने विकते त्यांत व्याजाचा हप्ता मुळीच नसतो. शंभराचे बिल 98.40 ला गेले की 91 दिवसांचा गुणक 0.984 ठरला, त्याला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. अडचण सुरू होते ती लांब मुदतीच्या रोख्यांपाशी, कारण ते वाटेत व्याज देत जातात, आणि म्हणून तीन वर्षांचा म्हणून छापलेला 7 टक्के दर ही वस्तुतः एका, दोन व तीन वर्षांनी येणाऱ्या पैशाच्या दरांची सरमिसळ असते.

ती सरमिसळ सोडवण्याच्या रीतीला बाजारात बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. एकदा ती कागदावर करून पाहा. पहिला रोखा आज 100 ला मिळतो व वर्षाअखेर 106 देतो, म्हणून पहिला गुणक 0.9434. दुसरा रोखा पहिल्या वर्षी साडेसहा रुपये देतो, आणि त्या साडेसहांची आजची किंमत आता आपल्याला ठाऊक आहे, 6.13, ती शंभरातून वजा केल्यावर उरलेले 93.87 ही दुसऱ्या वर्षाअखेर येणाऱ्या 106.50 ची आजची किंमत, तेव्हा दुसरा गुणक 0.8814. तिसऱ्या रोख्याचे सात-सात रुपयांचे पहिले दोन हप्ते याच गुणकांनी आजच्या किमतीत आणले की 12.77 होतात, उरले 87.23, त्यांना 107 ने भाग, आणि संगणकाचा 0.8152 तुझ्याच पेन्सिलीतून उतरेल. आणखी एक कर: दुसऱ्या गुणकाला तिसऱ्याने भाग. 1.0812 येतात. म्हणजे केवळ तिसऱ्या वर्षापुरते बाजार 8.12 टक्के मागतो आहे, आणि ही मागणी छापील 7 टक्क्यांत तुला कोठेही दिसली नसती.

आता ज्यासाठी हे पत्र लांबवीत आहे ती गोष्ट. दर ही बोलण्याची रीत आहे. गुणक ही किंमत आहे. ‘दहा वर्षांसाठी 7 टक्के’ एवढेच कोणी सांगितले तर व्याज वार्षिक चक्रवाढीने धरल्यास गुणक 0.5083 येतो, सहामाही धरल्यास 0.5026, अखंड चक्रवाढीने 0.4966, शब्द तेच, किमती तीन. तू वापरतेस त्या मॅटलॅबमध्ये दरांवरून गुणक काढणारे ‘झीरो टू डिस्क’ हे जे फंक्शन आहे, त्याला चक्रवाढीची रीत सांगितली नाही तर ते विचारत बसत नाही, सहामाही धरून चालते. दिवसांची मोजणीही स्वतःच्याच शिरस्त्याने प्रत्यक्ष दिवस आणि प्रत्यक्ष वर्ष अशी करते. आपले सरकारी रोखे व्याज सहामाही देतात हे खरे, पण त्यांच्या हिशेबात महिना 30 दिवसांचा आणि वर्ष 360 चे असते, तर ट्रेझरी बिलांत प्रत्यक्ष दिवस मोजून 365 ने भागतात.

मी नोकरीत असताना आमच्या कचेरीत नवे सॉफ्टवेअर आले, आणि दीर्घ मुदतीच्या देण्यांचे मूल्यांकन त्यावर होऊ लागले. बाहेरून येणारे दर वार्षिक चक्रवाढीचे होते, यंत्र त्यांना सहामाही समजत होते, आणि हे सलग दोन तिमाह्या चालले. गुणक सहा दशांश स्थळांपर्यंत छापून येत, म्हणून कोणाला शंका आली नाही. मलाही आली नाही, आणि कागदाखाली सही माझी होती. लेखापरीक्षणासाठी आलेल्या एका तरुणाने टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर 1.07 ला 1.07 ने ओळीने गुणीत नेले, समासात पेन्सिलीने दोन आकडे एकाखाली एक मांडले, खाली वजाबाकी केली, आणि काही न बोलता कागद माझ्यापुढे सरकवला. कोटीमागे 57,834 रुपये. दहा वर्षांनी द्यायच्या प्रत्येक कोटीचे देणे आम्ही एवढ्याने कमी दाखवीत होतो. ती पेन्सिलीची वजाबाकी मला अजून डोळ्यांपुढे दिसते.

तुझ्या कामात हे अधिक जपायला हवे. ग्रॅच्युइटीच्या मूल्यांकनात दर सरकारी रोख्यांच्या बाजारभावावरून घ्यावा असा आपल्या लेखामानकांचा दंडक आहे, आणि वीस वर्षांनी निवृत्त होणारा फिटर तुझा तक्ता कधीही वाचणार नाही. गुणक लहान पडला तर त्याच्यासाठी आज बाजूला काढायची रक्कम लहान पडते, आणि ते त्याला कळते तेव्हा वेळ टळलेली असते.

1582 साली सिमॉन स्टेव्हिन या गणितज्ञाने अँटवर्प येथे व्याजाची कोष्टके छापून प्रसिद्ध केली. तोवर पेढीवाले अशी कोष्टके गुप्त ठेवीत. आज कोणीही असे हिशेब करणारे क्वांटलिब हे खुले सॉफ्टवेअर उघडून त्यातील प्रत्येक ओळ वाचू शकतो, एवढे हे ज्ञान खुले झाले आहे, तेव्हा ते न वाचता वापरणे मला अक्षम्य वाटते. निदान दोन गोष्टींचा नेम ठेव. चक्रवाढ, दिवसमोजणी आणि दोन मुदतींच्या मधला आकडा भरण्याची रीत, या तीन बाबी फंक्शनला नेहमी स्पष्ट लिहून दे, त्याच्या मर्जीवर सोडू नकोस. आणि गुणक हाती आले की मूळ रोख्यांचे हप्ते त्यांनी पुन्हा गुणून पाहा. प्रत्येक रोखा 100 वर परत आला पाहिजे, 99.90 आला तरी काम तेथेच थांबव. जर्मनीत, जपानात काही वर्षे दर शून्याखाली गेले होते तेव्हा गुणक एकाच्या वर चढले, आणि तेही बरोबरच होते. म्हणून केवळ आकडा विचित्र दिसला एवढ्यावर तो खोडू नकोस, गुणून पाहूनच निकाल दे.

पुढल्या पत्रात पाचव्या वर्षाचा गुणक हाताने काढून पाठव. दर 7.2 टक्के धर. चार वर्षांचा रोखा बाजारात नाही असे समज. तेव्हा चौथ्या वर्षाचा गुणक कोठून आणलास, दर सरळ रेषेने जोडलेस की गुणकांचे लॉग जोडलेस, ते कारणासह लिही.

घरी सर्व क्षेम आहे.

तुझा,
मामा