पाठीला लागणारी दांडी

काही शहरांतल्या गोलची आडवी दांडी नियमापेक्षा खाली आहे, ही आइस हॉकीचा गोलरक्षक जाक प्लांत याची तक्रार सुरुवातीला कुणी मनावर घेतली नाही. जाळ्यापुढे उभं राहिल्यावर दांडी पाठीला कुठे लागते, एवढ्यावरून त्याने हे ताडलं होतं. मोजमाप झालं तेव्हा त्याचंच खरं निघालं. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच चौकट हेच ज्याचं घर, त्याला घराची उंची बदललेली कळायचीच.

प्लांत १९२९ साली कॅनडातल्या क्युबेकमध्ये जन्मला. अकरा भावंडांत थोरला. घरची गरिबी, आईने त्याला विणकाम शिकवलं आणि पुढे व्यावसायिक खेळाडू झाल्यावरही तो स्वतःच्या टोप्या स्वतः विणत राहिला. दम्यामुळे फार वेळ स्केटिंग झेपेना, म्हणून तो गोलात आला.

आणि गोलात आलेला हा मुलगा गोल सोडून बाहेर जायला लागला! तरुणपणी त्याच्या संघातले बचावपटू संथ होते. जाळ्यामागच्या फळीवर आदळलेल्या पकपर्यंत (खेळातल्या रबरी चकतीपर्यंत) ते वेळेत पोचत नसत. मग प्लांत स्वतःच मागे जाऊन पक अडवायचा आणि सहकाऱ्याकडे सरकवायचा. जागा सोडणारा गोलरक्षक म्हणजे आगाऊपणा, असं तेव्हा पुष्कळांना वाटे. आज व्यावसायिक हॉकीतला प्रत्येक गोलरक्षक हेच करतो.

त्याचं नाव मात्र मुखवट्याशी जोडलं गेलं. रबरी पक साधारण १७० ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून किंचित जडच. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रतिस्पर्धी अँडी बाथगेटचा फटका प्लांतच्या तोंडावर बसला. टाके घालून झाल्यावर त्याने सांगितलं, मुखवट्याशिवाय बर्फावर उतरणार नाही. सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर सरावात तो मुखवटा वापरतच होता. सामन्यात तो घालायला मात्र प्रशिक्षक टो ब्लेक यांचा विरोध होता. पण त्या काळी संघाबरोबर दुसरा गोलरक्षक नसे. ब्लेकना मान तुकवावी लागली. प्लांतचा संघ मॉन्ट्रियल ३–१ने जिंकला. पुढे मार्च १९६० मध्ये डेट्रॉइटला ब्लेक यांच्या आग्रहाखातर प्लांत एकदा उघड्या चेहऱ्याने खेळला आणि संघ हरला. त्यानंतर मुखवटा कायमचा आला आणि त्याच मोसमात मॉन्ट्रियलने ओळीने पाचव्यांदा लीगचं विजेतेपद, म्हणजे स्टॅनले कप, जिंकला.

मुखवट्याला लोकांनी भित्रेपणा म्हटलं, हे आजही सलतं. वेगाने येणारा पक शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून पाहता यावा, यासाठीच तर तो होता. पुढे १९७०च्या स्टॅनले कप अंतिम फेरीत बोस्टनविरुद्ध कपाळावर बसलेल्या फटक्याने प्लांत बेशुद्ध पडला, मुखवट्यामुळे वाचला.

१९६५ मध्ये निवृत्त झालेला हा माणूस १९६८ मध्ये सेंट लुईसकडून परतला आणि ग्लेन हॉलच्या जोडीने त्याने गोलरक्षकांचा व्हेझिना करंडक मिळवला. त्यानंतर टोरंटोकडून, वयाच्या बेचाळिशीत, फटके अडवण्याच्या टक्केवारीत तो लीगमध्ये पहिला आला. तिथेच तरुण गोलरक्षक बर्नी पेरेंट त्याच्या हाताखाली तयार झाला. पकपासून जाळ्याच्या मध्यापर्यंत मनात रेघ ओढायची, त्या रेघेवर उभं राहायचं, दोन पावलं पुढे सरकून समोरच्याला दिसणारं जाळं कमी करायचं, असं कोनांचं शास्त्र प्लांतने त्याला शिकवलं. पेरेंट पुढे फिलाडेल्फियाला गेला. १९७४ आणि १९७५ मध्ये फिलाडेल्फियाने कप जिंकला आणि दोन्ही वर्षी प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू पेरेंटच ठरला.