मागची खिडकी

कोल्हापुरात उघड्या टपाच्या गाडीचा विषय निघाला की दसऱ्याच्या मिरवणुकीतील छत्रपती घराण्याची मेबॅक आठवते. आमच्या घरातील उघडी गाडी म्हणजे अण्णांनी १९८९ साली घेतलेली महिंद्राची जीप. कॅनव्हासचा टप, मागे गुंडाळता येणारा पडदा आणि त्यात शिवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा. त्याला आम्ही सारे काच म्हणत आलो, आणि निम्मे नुकसान या शब्दानेच होते.

ते असते पीव्हीसी. मुळात कडक, पण तेलासारखी द्रव्ये मिसळून मऊ केलेले. ही द्रव्ये वर्षानुवर्षे, उन्हात अधिकच, झिरपून जातात. खिडकी पिवळी पडते, ताठरते. गारठ्यात ती आणखी आखडते. पहाटेचा पारा १५ अंशांवर आला, तर नव्या खिडकीला त्याचे काहीच वाटत नाही. जुनी मात्र नेमकी घडीवर तडकते. त्यातच आमच्याकडे हा गुऱ्हाळांचा हंगाम. दवावर राख चिकटून बसते. कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे ठरलेले. आधी भरपूर साधे पाणी ओतून राख वाहू द्यावी, मगच मऊ ओले सुती कापड फिरवावे. पेट्रोल किंवा काच पुसण्याचे उग्र द्रावण तर नकोच. टप शिवणारे कारागीर हे सांगतात, पण गिऱ्हाईक निघून जाता जाता.

अण्णा आता ८१ वर्षांचे आहेत. गाडी चालवणे थांबले, तरी पौषातल्या पहाटे पडदा गुंडाळून, वारा खात पन्हाळ्यावर जाण्याची हौस कायम आहे. ऊन चढून प्लॅस्टिक नरम होईपर्यंत पडद्याला हात लावायचा नाही, हा माझा नियम. ‘‘ऊन वर आल्यावर गडावर काय बघायचं रे? तुटली तर नवी शिवून घे!’’ हे त्यांचे उत्तर. खिडकी मला जपायची होती; त्यांना पहाट हवी होती. आणि ८१व्या वर्षी किती पहाटा शिल्लक, हा हिशेब मी मनातही मांडत नाही.

आता आदल्या दुपारीच, उन्हात तापलेला पडदा मध्ये जुने धोतर घालून सैल गुंडाळतो आणि पट्ट्यांनी बांधतो. दुसऱ्या दिवशी उन्हे चांगली तापेपर्यंत तो सोडायचा नाही. रात्रभर दवाने भिजणाऱ्या मागच्या बाकावर मेणकापड टाकले जाते. अण्णांच्या कानटोपीवरून आईशी होणारा वाद अजून मिटलेला नाही.