आधीच्या मालकाचं ऑइल

कोल्हापूर,
शनिवार, रात्री

चि. सोनूस,


गाडीचा फोटो पाहिला, फार आनंद झाला. कर्ज न काढता स्वतःच्या पगारातून घेतलीस हे ताईने सांगितलं, तेव्हा तर जास्तच. २०१३ची पेट्रोल स्विफ्ट, ८१ हजार किलोमीटर. गाडी म्हातारी झालेली नाही. पण तू विचारलंस, "मामा, गॅरेजवाला म्हणतो गाडी जुनी आहे, जाड ऑइल टाकू. टाकू का?" याचं उत्तर फोनवर दोन शब्दांत द्यावंसं वाटलं नाही. उद्यमनगरात तीस वर्षं मी इंजिनं उघडतोय आणि त्यातली कितीतरी फक्त चुकीच्या ऑइलमुळे माझ्या टेबलावर आली.

जाड ऑइलचा सल्ला खोटा नाही, तो दुसऱ्या गाड्यांचा आहे. फियाट, अँबेसिडरच्या जमान्यात इंजिनचे क्लिअरन्स सैल असायचे. बोअर झिजला, धूर यायला लागला की २०डब्ल्यू-५० टाकायचं आणि अजून वर्षभर ओढायचं, हे आम्ही सगळ्यांनी केलंय. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईचा निरोप घेतला, पण तिच्यासाठीचा सल्ला अजून गॅरेजांत फिरतोच आहे. तुझ्या इंजिनात टायमिंग चेन आहे आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणारी व्हीव्हीटीसुद्धा ऑइलच्याच दाबावर चालते. त्या वाटा बारीक आहेत. पातळ ऑइल गृहीत धरूनच त्या आखल्यात. गाडीचं वय वाढलं म्हणून त्या रुंद होत नाहीत. उलट गाळाने बुजत जातात.

तू मॅन्युअलच्या पानाचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. त्यात ५डब्ल्यू-३० छापलंय, म्हणजे ग्रेडचा प्रश्न मिटला. तरी "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, मग ५डब्ल्यू कशाला?" असं कुणी म्हणेलच, म्हणून सांगतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, हे खरं. पण पुण्यातल्या सकाळीसुद्धा इंजिनच्या हिशेबाने ऑइल थंडच असतं. ४० अंशांना २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३०च्या दुपटीहून घट्ट असतं. स्टार्टर मारल्यावर ते हेडपर्यंत चढायला जास्त वेळ घेतं, आणि तेवढा वेळ कॅम कोरडा घासतो. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा, १०० अंशांचा. दोन्ही आकडे कामाचे आहेत.

पण नवीन ऑइल घेण्याआधी एक काम कर, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे. चेंबरमध्ये आत्ता जे ऑइल आहे ते आधीच्या मालकाचं आहे. ते कधी टाकलं, कोणतं टाकलं, कशासाठी टाकलं, हे तुला माहीत नाही. आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींनी अशीच गाडी घेतली होती. इंजिन इतकं शांत की ते खूश! महिन्याभरात ठोके ऐकू यायला लागले. मी उघडलं तर चेंबरमध्ये मधासारखं घट्ट ऑइल, आणि बिगएंडच्या बेअरिंगवर बोट अडकेल एवढ्या खोल रेघा. विकणाऱ्याने आवाज दाबायलाच ते टाकलं होतं. गुरुजींची पेन्शनची रक्कम त्या इंजिनात गेली. तो दिवस मला अजून विसरता येत नाही.

म्हणून आधीच्या मालकाने "परवाच बदललंय" असं सांगितलं असलं, तरी ते काढ. गाडी दहा मिनिटं चालवून गॅरेजला ने म्हणजे ऑइल गरम राहून गाळासकट उतरतं. ड्रेन नट उघडताना तू तिथे उभी राहा. ऑइल स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये घ्यायला सांग. काळं दिसलं म्हणून घाबरू नकोस. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. उन्हात बघ, त्यात चकाकी दिसते का. चुंबक फिरव. कण चिकटले तर लोखंड, म्हणजे रिंग, कॅम किंवा चेनची झीज. न चिकटता नुसते चमकले तर बेअरिंग किंवा पिस्टनचा संशय. ऑइलला पेट्रोलचा वास येतो का तेही बघ. झाकणाखाली पिवळट साय असेल तर ती बहुतेक वाफेची. तुझा रोजचा चार किलोमीटरचा ऑफिसचा फेरा इंजिन नीट तापू देत नाही. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ चहासारखं असेल, तर कूलंट आत येतंय. मग गाडी तिथेच थांबव आणि मला फोन कर.

फ्लश मारू असं म्हणतील. नको. ज्या इंजिनचा पूर्वेतिहास माहीत नाही, त्यातला गाळ एकदम सुटला की चेंबरमधली जाळी तुंबते आणि पंप उपाशी राहतो. चांगलं ऑइल तोच गाळ हळूहळू काढतं. म्हणून या वेळचं तीन हजार किलोमीटरलाच बदल, पुढचं पाच हजारांना. पुस्तकात दहा हजार किंवा एक वर्ष लिहिलंय, पण छोट्या फेऱ्यांच्या गाडीला मी तेवढं थांबत नाही.

डब्यावर एपीआयची अक्षरं बघ. एसने सुरू होणारी पेट्रोलची, सीने सुरू होणारी डिझेलची. एसएन २०१०चं, एसपी २०२०चं; नवीन मानक जुन्या पेट्रोल इंजिनला चालतं. ग्रेड आणि ही अक्षरं जुळली की कंपनी कोणती याची फार चिंता करू नकोस. चिंता कर ती नकली मालाची. खात्रीच्या दुकानातून बिल घेऊन सीलबंद डबा घे, सील तुझ्यासमोर फोडायला लाव आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच टाक, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही. उतरलेलं ऑइल मात्र गटारात ओतू देऊ नकोस. जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडेच ते गेलं पाहिजे.

गाडी ऑइल खाते का, हे मोजल्याशिवाय कुणाचं ऐकू नकोस. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघ आणि वहीत लिही, दर रविवारी. हजार किलोमीटरला अर्धा लिटर कमी झालं, तर तुझ्या मॅन्युअलच्या तक्त्यात बसेल तेवढीच एक पायरी जाड, ५डब्ल्यू-४०, याचा विचार करू. आणि तेव्हाही रिंग की व्हॉल्व्ह सील, हे आधी शोधू. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबला तर सीलचं काम. ते स्वस्तात होतं.

फिल्टर नवा बसवशीलच. जुना फेकू नको. हॅकसॉने कापून आतला कागद पसरव, उन्हात त्याचा फोटो काढ आणि मला पाठव. तो पाहिल्याशिवाय मी ही गाडी घेऊन महाबळेश्वरचा घाट चढायला होकार देणार नाही, ताईलाही तसंच सांगितलंय.

तुझा,
मामा