अभियंता संसदेत जातो तेव्हा: डॉ. के. एल. राव आणि गोदावरीचे पाणी

१/ बीड जिल्ह्यातील उमापूर हे गेवराई तालुक्यातील गाव. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. पैठणखालची गोदावरी मराठवाडा ओलांडून तेलंगणात शिरे, तेव्हा तिला राज्याची सीमा ओलांडावी लागत नसे.

२/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. भाषावार प्रांतरचनेने माणसांना न्याय दिला, पण नदीचे वरचे आणि खालचे असे दोन दावेदार निर्माण केले. हा वाद पुढे ज्यांच्या मेजावर आला, त्या डॉ. कानूरी लक्ष्मण राव यांची ही कहाणी.

३/ राव यांचा जन्म १९०२ मध्ये कृष्णा जिल्ह्यातील कंकिपाडू येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि शालेय वयात एका डोळ्याची दृष्टीही गेली. तरीही मद्रासच्या गिंडी येथील महाविद्यालयातून त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकी पूर्ण केली आणि १९३९ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

४/ स्वातंत्र्यानंतर ते दिल्लीत केंद्रीय जल व विद्युत आयोगात धरणांच्या आराखड्यांचे काम पाहू लागले. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. सिमेंट आणि यंत्रे दुर्मीळ असलेल्या त्या काळात हे प्रचंड धरण दगडी बांधकामात उभे राहिले. त्यामुळे हजारो हातांना कामही मिळाले.

५/ १९६२ मध्ये राव विजयवाड्यातून लोकसभेवर निवडून आले. १९६७ आणि १९७१ मध्येही मतदारांनी त्यांनाच कौल दिला. १९६३ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी केंद्रातील पाटबंधारे व वीज खाते त्यांच्याकडे आले. ते त्यांनी सुमारे दशकभर सांभाळले. आराखडा काढणारा माणूस आता मंजुरी देण्याच्या जागी होता.

६/ पेच येथेच होता. कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही नद्यांवर महाराष्ट्र वरच्या अंगाला, आंध्र खालच्या अंगाला. मंत्री आंध्रचे खासदार आणि नागार्जुनसागरचे शिल्पकार. त्यांचे गणित कितीही अचूक असले, तरी वरच्या राज्यांना ते तटस्थ वाटणे अवघड होते. अभियंत्याला आकडा सिद्ध करावा लागतो. लोकप्रतिनिधीला त्या आकड्यावर विरुद्ध पक्षाचा विश्वासही मिळवावा लागतो.

७/ इकडे महाराष्ट्राने हैदराबाद राज्याच्या काळातील एक जुनी कल्पना हाती घेतली होती. मूळ बेत बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ धरण बांधण्याचा होता. पुढे जागा सुमारे १०० किलोमीटर वर, पैठणला सरकली. नाव मात्र जायकवाडीच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली.

८/ वाटाघाटींतून तोडगा निघेना. अखेर १० एप्रिल १९६९ रोजी, राव मंत्री असतानाच, केंद्राने कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही खोऱ्यांसाठी न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमले. ज्या प्रश्नाचे गणित मंत्र्यांना तोंडपाठ होते, त्याचा निवाडा न्यायाधीशांकडे सोपवावा लागला.

९/ १९७२ मध्ये मराठवाडा भीषण दुष्काळात होरपळला. त्याच वर्षी राव यांनी गंगा-कावेरी जोडकालव्याची योजना पुढे मांडली. पाटण्याजवळून पुराचे ६०,००० क्युसेक पाणी वर्षातून सुमारे १५० दिवस उचलायचे, त्यातील मोठा भाग पंपांनी ५४९ मीटर चढवायचा आणि २,६४० किलोमीटरच्या मार्गाने दक्षिणेकडे न्यायचा. नर्मदा, तापी, गोदावरी, कृष्णा ही सारी खोरी त्या रेषेवर होती.

१०/ केंद्रीय जल आयोगाने योजना तपासली. खर्चाचा अंदाज फारच कमी धरलेला होता, पंपांना अवाढव्य वीज लागणार होती आणि पुरापासून संरक्षणाचा लाभ जवळजवळ नव्हता. योजना बाजूला पडली. नदीजोडची कल्पना मात्र टिकली आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय जलविकास अभिकरण स्थापन झाले.

११/ गोदावरीचा तिढा सुटला तो राज्यांच्या करारांनी. ६ ऑक्टोबर १९७५ च्या करारात आंध्रने मान्य केले की पैठण धरणाच्या जागेपर्यंतचे पाणी महाराष्ट्राने वापरावे. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते पैठणला जन्मलेले शंकरराव चव्हाण; शिक्षणाने वकील, पण आधी पाटबंधारे खाते सांभाळलेले. राव तोवर मंत्रिपदावरून दूर झाले होते. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते जायकवाडीचे उद्घाटन झाले. १९८० च्या अंतिम निवाड्यात लवादाने राज्यांचे करारच समाविष्ट केले.

१२/ जायकवाडीचा १३२ किलोमीटरचा उजवा कालवा आज गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. राव १९८६ मध्ये निवर्तले. कृष्णेवरील पुलिचिंतला धरणाला आता त्यांचे नाव आहे. गोदावरीचा वाद मात्र महाराष्ट्राच्या घरातच शिरला आहे: वर नाशिक-नगर, खाली मराठवाडा. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून ते सोडावे, हे मेंढेगिरी समितीचे सूत्र. पाऊस ओढ देतो त्या वर्षी त्या आकड्यावरून पुन्हा मोर्चे निघतात आणि न्यायालयाची पायरी चढावी लागते. गेवराईच्या कालव्यावरचा शेतकरी तेव्हा रब्बीची पेरणी करावी की थांबावे, याचा हिशेब मांडत असतो.